आधी काय झालं होतं

सोमवार, ४ मार्च

सूनबाईने सांगितलंय म्हणून लिहितोय. घडलेलं रोज क्रमाने लिहायचं, आधी काय झालं, मग काय झालं. मराठीत चालेल म्हणाली, इंग्रजीचं नंतर बघू. सत्तावन्नाव्या वर्षी गृहपाठ!

क्रमाने लिहायचं तर गेल्या सोमवारपासून सुरुवात करावी लागेल. सकाळी सव्वादहा. ज्या दूध कारखान्यात मी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळतो, तिथे वाफेच्या लाइनीतलं एक गॅस्केट फुटलं. (सूनबाईने विचारलं, गॅस्केट म्हणजे काय? दोन पाइप जोडताना मधे बसवतात ती चकती.) कढत पाण्याचा फवारा शेजारून जाणाऱ्या पॅकिंगच्या बाईच्या हातावर आला. मी धावत गेलो, आधी वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला, मग परतीच्या पाण्याचा. बाईला दवाखान्यात पोचवलं.

जानेवारीपासून नवे साहेब आलेत. त्यांना मराठीचा गंध नाही, म्हणून सगळी रजिस्टरं, सगळे अहवाल इंग्रजीत. मी माझ्या अकलेने चार ओळी खरडल्या. शेवटच्या दोन अशा: ‘गॅस्केट बर्स्ट. आय हॅड क्लोज्ड द रिटर्न व्हॉल्व्ह.’ गॅस्केट फुटलं, परतीचा व्हॉल्व्ह मी बंद केला होता. यात खोटं काय? केलाच होता.

आज हातात कागद पडला. सूनबाईने वाचून दाखवला. परतीचा व्हॉल्व्ह आधीपासून बंद का होता, याचा खुलासा २२ तारखेला समक्ष करावा.

तिने माझ्या अहवालाची प्रत मागितली, वाचली आणि कपाळाला हात लावला. “बाबा, तुम्ही गुन्हा कबूल करून आलात.”

परतीचा व्हॉल्व्ह आधी बंद असेल तर गरम पाणी लाइनीत तुंबतं आणि गॅस्केट उडतं. हे मला कोणी शिकवायला नको. एका ‘हॅड’पायी मी ते आपण होऊन अंगावर घेतलं, हे मात्र अजून पचत नाही.

मंगळवार, ५ मार्च

तीनला पाळी सुटली. चारला गॅलरीत इस्त्रीच्या टेबलापाशी शिकवणी. ती इस्त्री करत शिकवते, मी स्टुलावर.

“मी काल बाजारात गेलो होतो. सांगा इंग्रजीत.”

“आय हॅड गॉन टू मार्केट यस्टरडे.”

“चूक. आय वेंट.”

“अगं, गेलो नाही. गेलो होतो.”

“मराठीत ‘होतो’ कुठेही खपतं, बाबा. इंग्रजीतला हॅड एकटा येत नाही. दोन गोष्टी घडलेल्या लागतात. जी आधी घडली तिला हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप. जी नंतर घडली तिला साधा भूतकाळ.” मग तिने माझा निळा शर्ट घडी करून टेबलावर ठेवला आणि त्यावर पांढरा ठेवला. “खालचा कोणता?”

“निळा.”

“तो आधी ठेवला. म्हणून हॅड निळ्याला. पांढऱ्याला नाही.”

म्हणजे साहेबांनी माझं वाक्य असं वाचलं: खाली व्हॉल्व्ह बंद, वर गॅस्केट फुटलं. आणि मी भलत्याच शर्टाला हॅड लावून मोकळा.

सूनबाई इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. लग्नाआधी वर्षभर एका क्लासात शिकवायची. या घरात येऊन तिला दोन वर्षं झाली, पण एवढा वेळ सलग बोलताना मी तिला आज पहिल्यांदा ऐकलं. आमची हीसुद्धा, म्हणजे तिची सासू, दारातून डोकावून गेली, काय चाललंय बघायला.

गुरुवार, ७ मार्च

तिसरी रूपं. काही क्रियापदं सरळ, मागे ‘ड’ किंवा ‘ट’ लावला की काम झालं. क्लोज, क्लोज्ड, क्लोज्ड. बाकीची आपापल्या मर्जीची. गो, वेंट, गॉन. राइट, रोट, रिटन. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. पाठ करण्यावाचून इलाज नाही म्हणते. बॉयलरच्या गेजकडे बघत दिवसभर पुटपुटत होतो. पॅकिंगच्या बायका एकमेकींकडे बघून डोळे मोठे करत होत्या.

मला आवडलेलं एकच, बर्स्ट. बर्स्ट, बर्स्ट, बर्स्ट. फुटलं ते फुटलं, तीनदा विचारा. सूनबाई म्हणाली, शट पण तसंच. मग म्हटलं, मी क्लोज कशाला लिहिलं, शट लिहिलं असतं तर चूकच झाली नसती!

“झाली असती,” ती म्हणाली. “हॅड तुम्ही तरीही लावला असता.”

हसली बरं का. मोठ्याने.

रविवार, १० मार्च

पॅकिंगच्या बाईकडे गेलो होतो. (हे मराठी आहे, इथे चालतं.) हाताला पट्टी. मुलीने खुर्ची दिली. बाई म्हणाली, “तुम्ही धावलात म्हणून एवढ्यावर निभावलं हो. तोंडावर आलं असतं.”

मी पायांकडे बघत बसलो.

एक गोष्ट सूनबाईला सांगितलेली नाही, हे पानही तिला दाखवणार नाही. ते गॅस्केट आठ दिवस पाझरत होतं. मला दिसलं होतं. दुरुस्तीच्या मुकादमाला मी जाता जाता सांगितलं, “ते एकदा बघून घ्या.” तो बरं म्हणाला. रजिस्टरात लिहायला हवं होतं. पूर्वी मराठीत होतं तेव्हा अशी नोंद मी एकदाही चुकवली नाही. आता इंग्रजीत लिहायचं म्हटलं की पेन जड होतं, चुकलं तर हसतील वाटतं. म्हणून तोंडी सांगितलं आणि गप्प बसलो.

बाईने चहा केला. डाव्या हाताने.

मंगळवार, १२ मार्च

आज सूनबाईने वहीत दहा वाक्यं लिहून दिली. मी तीच आपल्या लिपीत उतरवतोय, अर्थासकट. चार मासल्यादाखल:

‘शी हॅड फिल्ड द फॉर्म बिफोर शी गॉट मॅरीड.’ लग्नाआधी तिने फॉर्म भरला होता.

‘दे हॅड सिलेक्टेड हर.’ त्यांनी तिची निवड केली होती.

‘व्हेन शी ओपन्ड द लेटर, द लास्ट डेट हॅड पास्ड.’ तिने पत्र उघडलं तेव्हा शेवटची तारीख उलटून गेली होती.

‘नोबडी हॅड आस्क्ड हर.’ तिला कोणी विचारलं नव्हतं.

क्रियापदं सगळी सरळ जातीची आहेत, त्यामुळे पटकन जमली. दुसऱ्या आणि चौथ्या वाक्यात नंतरची गोष्ट दिसत नाही, ते मी धरलं. हॅडला जोडीदार कुठाय, विचारलं. ती म्हणाली, “तो आधीच्या वाक्यात असतो कधी कधी. वाचणाऱ्याने समजून घ्यायचा.” आजचे मार्क दहापैकी नऊ.

एकच सांगावंसं वाटतं, तिच्या उदाहरणांत सारखी एक बाई असते आणि तिला नेहमी उशीर झालेला असतो. बॉयलरवरची उदाहरणं दिली तर मला जास्त उपयोग होईल. उद्या सुचवतो.

शुक्रवार, १५ मार्च

मुलाचा फोन आला. तो पुलांच्या कामावर असतो, दोन महिन्यांतून आठवडाभर घरी. मी त्याला शट आणि बर्स्ट ऐकवलं. तो खूश झाला. “बरं झालं बाबा, तिलाही तेवढाच विरंगुळा,” म्हणाला. फोन मोठ्या आवाजावर होता. सूनबाईने मला चादरीचं दुसरं टोक धरायला दिलं होतं, घडी घालायला. तिने असा हिसका दिला की टोक माझ्या हातातून सुटलंच. दमली असावी. उद्या शिकवणीला सुट्टी देऊ या म्हटलं तर नको म्हणाली.

बॉयलरची उदाहरणं मिळाली. चांगली आहेत, पण जरा कोरडी.

बुधवार, २० मार्च

सांगून टाकलं. पाझरणाऱ्या गॅस्केटचं, रजिस्टरचं, सगळं.

तिने इस्त्री बाजूला उभी केली. मग म्हणाली, “हे साहेबांना ठाऊक आहे?”

“नाही. मुकादम बोलणार नाही, त्याच्याही अंगाशी येईल.”

“व्हॉल्व्हचं तुम्ही नीट समजावून सांगितलंत तर सुटाल, बाबा. हे बोललात तर अडकाल.”

“आणि नाही बोललो तर?”

तिने वही ओढली आणि लिहिलं. ‘द गॅस्केट हॅड बीन लीकिंग.’ मी म्हटलं, हा मधला ‘बीन’ कुठून उपटला? म्हणाली, त्याच्या नादी आत्ता लागू नका, जसंच्या तसं पाठ करा. पुढे: ‘आय हॅड टोल्ड द फोरमन. आय हॅड नॉट रिटन इट.’ सांगितलं होतं. लिहिलं नव्हतं.

रिटनमधला ‘न’ दहा वेळा म्हटला.

शुक्रवार, २२ मार्च

साहेबांच्या खोलीत अकरा वाजता. साहेब वयाने माझ्या मुलाएवढे. खुर्ची दिली. मी बसलो नाही, बसलं की मला इंग्रजी सुचत नाही असं ध्यानात आलंय.

मी वही उघडली आणि वाचलं. गॅस्केट हॅड बर्स्ट बिफोर आय क्लोज्ड द व्हॉल्व्ह. साहेबांनी अहवाल पुढे सरकवला, मग इथे उलट का लिहिलं? मी निळा शर्ट, पांढरा शर्ट सांगायला लागलो. शर्टांचं इंग्रजी जमेना, तेव्हा त्यांच्याच टेबलावरच्या दोन फायली एकावर एक ठेवून दाखवलं. आमच्या भाषेत ‘होता’ कुठेही लागतो, तुमच्यात लागत नाही, हे कसंबसं सांगितलं. त्यांनी फायलींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. समजलं. मी सुटलो होतो. तेवढ्यावर बाहेर पडता आलं असतं.

पण मग ती पुढची तीन वाक्यंही वाचली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. का लिहिलं नाही, विचारलं. मी म्हटलं, “सर, शेम.” त्याचं तिसरं रूप मला येत नाही, लागत असेल तर.

त्यांनी अहवाल फायलीत घातला. मग म्हणाले, लेखी ताकीद मिळेल, तुम्हाला आणि मुकादमालाही. आणि यापुढे दुरुस्तीची नोंद ज्याला ज्या भाषेत लिहिता येते त्या भाषेत लिहावी, वाचून घ्यायचं काम ऑफिसचं. बाईच्या औषधपाण्याचं कारखाना बघतोच आहे.

निघताना त्यांनी वही मागितली. मला वाटलं, तपासणार. ते पानं उलटत मागे गेले. मराठी त्यांना येत नाही, पण सूनबाईने लिहिलेली इंग्रजी वाक्यं वाचायला लागले. एक वाचलं, दुसरं वाचलं, मग चेहरा बदलला. “ही गोष्ट आहे का कुठली?”

“नो सर. ग्रामर.”

“ही बाई कोण?”

“कोणती बाई, सर?”

त्यांनी बोट ठेवून मला ती चार वाक्यं सलग वाचून दाखवली. फॉर्म. निवड. पत्र. तारीख. विचारलं नव्हतं. “पत्र उशिरा कोणी दिलं तिला?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “माहीत नाही, सर.”

जिना उतरताना चौथ्या पायरीवर माहीत झालं.

शनिवार, २३ मार्च

लग्नानंतर पंधरा दिवसांनी एक लांब पाकीट आलं होतं. इंग्रजी. मी सही करून घेतलं. नाव तिचं होतं की नाही, पाहिलंसुद्धा नाही. इंग्रजी लांब पाकीट म्हणजे बॉयलरच्या परवान्याचं, असं धरून परवान्याच्या फायलीत घातलं. तीन आठवड्यांनी फाइल चाळताना सापडलं, तेव्हा तिला नेऊन दिलं. तिने तिथेच उभ्याने उघडलं. मी विचारलं, “काही महत्त्वाचं?” ती म्हणाली, “नाही बाबा, जाहिरात आहे.”

आज चार वाजता स्टुलावर बसलो आणि म्हटलं, “ती जाहिरात नव्हती.”

इस्त्री जागच्या जागी थांबली. टॉवेलवर डाग पडला तेव्हा तिने उचलली.

“इंग्रजीच्या शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम होता,” ती म्हणाली. “नऊ महिन्यांचा, तिथेच राहून. हजार जणांतून चाळीस घेतात. लग्न ठरलं तेव्हा मी ह्यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, निवड झाली तर बघू. मग झालीच नाही, असं मी सांगितलं.”

“का गं? माझी चूक होती, मला झापायचं.”

“महिन्याभराची सून काय झापणार, बाबा? आणि झापून तारीख परत आली असती का?”

“चुकलो,” मी म्हटलं. ती ‘हं’ म्हणाली. मी आणखी एकदा म्हटलं. ती म्हणाली, “ऐकलं.”

रविवार, २४ मार्च

आज माती खाल्ली.

सकाळी शेजारच्या मुलीकडून शोधून घेतलं. तो अभ्यासक्रम अजून चालतो, अर्जाची मुदत ३० एप्रिल. जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. सूनबाई या वर्षी जाणार, मी फॉर्म आणतो, मुलाला मी सांगतो, बॅगही माझी मोठी न्यायची.

मला वाटलं, दोघी खूश होतील.

ही म्हणाली, “नऊ महिने? आणि मला कोणी विचारलं का?”

सूनबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं. “मलाही नाही विचारलं, आई.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आत्ताही तुम्हीच ठरवताय, बाबा. तेव्हा न कळता ठरवलंत, आता कळून ठरवताय, एवढाच फरक.”

दोघी उठून आत गेल्या. मी एकटाच जेवलो. एवढ्या चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीचं असं का व्हावं, दिवसभर कळेना. संध्याकाळी थोडं कळलं. थोडंच.

गुरुवार, २८ मार्च

शिकवणी बंद. चारला गॅलरीत जाऊन बसतो, ती कपडे घेऊन आतल्या खोलीत इस्त्री करते. मी ताकिदीचा कागद स्वतः वाचून काढला. अकरा ओळींत दोन हॅड होते, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. कोणाला सांगणार?

मंगळवार, २ एप्रिल

सूनबाई काल गच्चीवर तासभर फोनवर बोलत होती. आज मुलाचा मला फोन. आवाज पडलेला. “बाबा, निवड झाली होती तिची. दोन वर्षं मला बोलली नाही ती.”

“मला काय सांगतोस? तिला विचार.”

“विचारलं. म्हणते, तू बघू म्हणालास, ते बघू मला पुरलं.” मग म्हणाला, “फॉर्म भरतेय ती. मी नको म्हणालो नाही. तिने विचारलंच नाही, सांगितलं.”

घरी आलो तर दोघी स्वयंपाकघरात कागद घेऊन बसलेल्या. हिचे गुडघे, पाण्याच्या बादल्या, वाळत घालायचे कपडे, भांडी, सगळ्याची वाटणी चाललेली. मी दारात उभा. भांडी आणि बादल्यांपुढे माझं नाव लिहिलेलं दिसलं. मला कोणी विचारलं नाही. मीही मुकाट्याने बूट काढले.

कागद आवरून उठताना सूनबाई म्हणाली, “उद्या चारला वही आणा. तो बीन राहिलाय.”

बुधवार, ३ जुलै

निवड झाली. परवा गेली. मुलगा रजा काढून आला होता. बस निघेपर्यंत दोघं खिडकीच्या दोन बाजूंनी हळू आवाजात बोलत होती, मी लांब उभा राहिलो. माझ्या मनात एक वाक्य तयार होतं, इंग्रजीत, चांगलं लांब. ऐन वेळी “पोचलीस की फोन कर” एवढंच म्हणालो.

फोन आज आला. हिने घेतला. खोलीत आणखी दोघी जणी आहेत, त्यातली एक तिच्याहून दहा वर्षांनी मोठी आहे, आजच वर्गासमोर उभं राहून धडा घ्यायला लावला म्हणे. मी बाहेर बसून एका बाजूचं बोलणं ऐकत होतो. ही मधेच एवढी हसली की तिला खोकला आला. अर्ध्या तासाने फोन ठेवला.

“माझं विचारलं का?” मी म्हटलं.

ही आठवत राहिली. “नाही हो. पण किती बोलली! श्वास घेत नव्हती.”

“बरं,” म्हटलं, आणि भांड्यांकडे वळलो.